ॲप्रनचं एक टोक

आधी एक सांगून टाकते. माझ्या चार सिनेमांतली माझी चारही गाणी अलाबामात पोचली नाहीत. आवाज बरा नव्हता म्हणून नव्हे. आमच्या काळ्यांच्या वस्तीतले, सेंट्रल ॲव्हेन्यूवरचे गाण्याचे अड्डे शनिवारी माझ्या नावावर भरायचे, हवं तर जुन्या माणसांना विचारा. गाणी पोचली नाहीत, कारण ती काढून टाकता येतील अशीच घेतलेली होती.

त्याची एक पद्धत होती. गोष्ट चाललेली असायची, गोरा नायक, गोरी नायिका, त्यांचे रुसवेफुगवे. मग ती दोघं एका हॉटेलात यायची, दार उघडायचं आणि पियानोपाशी मी उभी असायची, पांढऱ्या सॅटिनच्या झग्यात. मी तीन मिनिटं गायचे. त्या तीन मिनिटांत गोष्ट तसूभरही पुढे सरकायची नाही. नायक-नायिका माझ्याशी बोलणं तर सोडाच, माझ्याबरोबर एका चौकटीतसुद्धा यायची नाहीत. मग दार बंद. दक्षिणेतल्या थेटरमालकांना सॅटिनच्या झग्यातली काळी बाई खपायची नाही. तिथला माणूस कात्री घ्यायचा, दार उघडल्यापासून बंद होईपर्यंतची फिल्म कापायचा आणि टोकं चिकटवून मोकळा व्हायचा. बघणाऱ्याला पत्ताही लागायचा नाही. स्टुडिओवाल्यांना हे ठाऊक असायचं, म्हणून तर कॅमेरा कुठे ठेवायचा हे ठरवतानाच ते कात्रीची सोय करून ठेवायचे.

मलाही ते हळूहळू कळलं. माझ्या आईला मात्र ठाऊक नव्हतं.

आई अलाबामात, सायप्रस फेरीला राहायची. मी तिची एकुलती एक, अर्झेलिया, सगळे झेली म्हणतात. आईनं अडतीस वर्षं ट्रिम्बल नावाच्या गोऱ्यांच्या घरी रांधलं, वाढलं, उष्टं काढलं. मला एकोणिसाव्या वर्षी पश्चिमेच्या गाडीत बसवलं तेव्हा तिनं एकच अट घातली. म्हणाली, "तिकडे काय वाटेल ते कर, पण कंबरेला ॲप्रन बांधू नकोस. तो मी तुझ्या वाटचासुद्धा बांधलाय."

मी शब्द पाळला. मोलकरणीची कामं किती आली म्हणून सांगू, एकालाही हो म्हटलं नाही. गाणी गायले. दर वेळी सिनेमाचं नाव आईला कळवायचे, आणि आई चर्चमधल्या बायका गोळा करून गावातल्या पॅलेस थेटरात जायची. बाहेरच्या लोखंडी जिन्यानं वर, काळ्यांच्या गॅलरीत. एकदा गेली, मी नव्हते. दुसऱ्यांदा गेली, नव्हते. तिसऱ्या वेळी चर्चमधल्या फिलब्रिकबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आईला म्हणाल्या, "टेम्पी, झेली तिकडे लोकांचे कपडे धुतेय गं. कबूल करून टाक, आम्ही काही खाणार नाही तुला." चौथ्या वेळी आई एकटीच गेली.

मग तिचं पत्र आलं. आई रविवारच्या शाळेत लिहायला शिकलेली, अक्षरं मोठी आणि वाकडी. लिहिलं होतं की गुडघे दुखतात, आता जिना चढवत नाही, सिनेमांची नावं कळवू नकोस. खाली थोडी जागा सोडून आणखी एक ओळ होती. "तू खरंच आहेस ना गं तिथं?"

ते पत्र वाचलं आणि मला जेवण गेलं नाही. ज्या आईनं आयुष्यात कुणावर विश्वास टाकला तर माझ्यावर टाकला, तिलाच मी खोटी वाटायला लागले होते. आणि माझी आईच ती, तसं सरळ म्हणायचीही नाही.

मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहायचे त्या मिस ड्यूसी साठीच्या होत्या आणि एकोणचाळीस सिनेमांत मोलकरीण झाल्या होत्या. ताकात मक्याचा पाव कुस्करून खात त्यांनी पत्र वाचलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"आईला दिसायचंय का तुला?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे काय."

"मग झगा उतरव. मोलकरणीला कात्री लागत नाही, बाळे. मला एकोणचाळीस वेळांत कुणी कापलं नाही. कापलं तर मडमेला चहा कोण देणार?"

"मी आईला शब्द दिलाय."

"शब्द सांभाळून बस मग. तो तरी दिसतोय का कुठं बघ."

बाईंची जीभ अशी. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी कामं देणाऱ्या कचेरीत गेले आणि मोलकरणीचं काम मागितलं.

काम मिळालं. मिस ऑड्रा केनच्या सिनेमात तिची मोलकरीण, नाव क्लोव्ही. पहिल्या दिवशी माझ्या अंगाला कापसाच्या उशा शिवल्या, कारण मोलकरीण लठ्ठ असावी लागते. मग तोंडाला काळा रंग, कारण मी त्यांना पुरेशी काळी नव्हते. मग बोस्टनहून आलेला एक चष्मेवाला मला अलाबामातल्या काळ्या बायका कशा बोलतात ते शिकवायला बसला. मी सायप्रस फेरीची, तो बोस्टनचा, आणि तो मला शिकवतोय. मी म्हटलं, "साहेब, असं आमच्याकडे कुणी बोलत नाही." तो म्हणाला, "पण लोकांना असंच ऐकायचंय." मग मी तसं बोलायला शिकले. अगदी मन लावून शिकले, खोटं कशाला सांगू.

आता प्रसंग सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. मिस केन खुर्चीत बसलीय, तिच्या हातात तार आहे, तारेत नवऱ्याचं जहाज बुडाल्याची बातमी आहे. ती वाचते आणि रडते. तिच्या मागे दारात क्लोव्ही हातात चहाचा ट्रे घेऊन उभी आहे. मडमेला रडताना बघून क्लोव्ही डोळे गरगरा फिरवते आणि ट्रे पाडते. एवढ्या दुःखात लोकांना जरा हसू हवं, असं दिग्दर्शक मि. हॉलोवे यांचं म्हणणं. आणि हे सगळं एकाच चौकटीत, मिस केनचा चेहरा पुढे आणि मी मागे. म्हणजे मला कापायचं तर मिस केनचं रडणंही कापावं लागणार. मिस ड्यूसी बरोबर बोलल्या होत्या.

मे महिना, दिव्यांची आग, अंगावर उशा. मिस केन त्याच दिवशी पाचच्या गाडीनं न्यूयॉर्कला जाणार होती आणि परत दोन महिने येणार नव्हती. तीन वाजून गेले होते. मि. हॉलोवे सारखे घड्याळ बघत होते, आणि ते घड्याळ बघायला लागले की सेटवर कुणी खोकायचंसुद्धा नाही.

पहिल्या खेपेला मिस केन वाचता वाचता थांबली. तिला रडूच येईना. तेवढ्यात मिस प्रॉबर्ट वही घेऊन माझ्याकडे आली. ही कंटिन्युइटीवाली. आधीच्या शॉटमध्ये जे जसं होतं ते पुढच्यात तसंच आहे की नाही, हे बघणं तिचं काम. केसाची बट, फुलदाणी, घड्याळातली वेळ, सगळं तिच्या वहीत असायचं.

"ॲप्रनचं टोक खोचलंयस तू," ती म्हणाली. "आधीच्या शॉटमध्ये दोन्ही टोकं खाली होती."

मी खाली बघितलं. ॲप्रनचं एक टोक कंबरेत खोचलेलं होतं. ते मी कधी खोचलं, मला माहीत नाही. हातानं आपोआप केलं होतं. मी टोक खाली सोडलं आणि अंगावर सरकन काटा आला.

आमच्या गल्लीतल्या बायका गोऱ्यांच्या स्वयंपाकघरात कामाला. आम्ही पोरं संध्याकाळी त्या घरांच्या मागच्या कुंपणाशी जाऊन उभी राहायचो. आई बाहेर येईल, पातेल्यात काहीतरी उरलेलं घेऊन येईल, तिच्याबरोबर घरी जायचं. पण मडमांना पोरं स्वयंपाकघराच्या आसपास चालायची नाहीत, आणि आयांना खिडकीतून हाक मारायची सोय नव्हती. म्हणून ॲप्रन. आई खिडकीशी आली आणि ॲप्रनचं एक टोक कंबरेत खोचलेलं असलं, की थांब, मी येतेय बाहेर. दोन्ही टोकं खाली असली, की आज काही खरं नाही, घरी जा. आमच्या गल्लीतल्या पोरांना अक्षरं कळायच्या आधी हे कळायचं. ट्रिम्बलांच्या कुंपणाशी मी किती संध्याकाळी ती खिडकी बघत उभी राहिले असेन, त्याचा हिशोब नाही.

आणि आता कॅमेऱ्यापुढे मी दारात उभी होते, दोन्ही टोकं खाली. आई जिना चढून येणार, चार वेळा तोंडावर आपटून पाचव्यांदा येणार, आणि पडद्यावर पहिल्यांदा मी दिसणार. ॲप्रन बांधलेली, लठ्ठ, डोळे फिरवणारी. आणि वर तिला सांगणार, घरी जा.

दुसऱ्या खेपेला मिस केन रडली, पण मि. हॉलोवेंना ते रडणं शिंक आल्यासारखं वाटलं. तिसऱ्या खेपेला बाहेर कुणीतरी दार आपटलं आणि आवाज खराब झाला. दर वेळी ट्रे पडायचा, बशा फुटायच्या, नव्या बशा यायच्या, आणि दर वेळी मिस प्रॉबर्ट माझ्या ॲप्रनकडे बघून वहीत टिकमार्क करायची.

पावणेचार वाजले. मिस केन दोन्ही हात तोंडावर ठेवून म्हणाली, "आता एकदाच. यापेक्षा जास्त माझ्याच्यानं होणार नाही."

"एकदाच," मि. हॉलोवे म्हणाले. मग सगळ्यांकडे बघून म्हणाले, "आता ज्याच्या हातून चूक होईल त्यानं उद्या तोंड दाखवू नये."

मिस प्रॉबर्टनं माझा ॲप्रन तपासला. दोन्ही टोकं खाली. ती मागे सरकली.

लोक म्हणतात, ठरवलं की भीती जाते. डोंबलाची जाते. उशांखाली पाठीवरून घाम ओघळत होता. कॅमेरा सुरू झाला, आवाज सुरू झाला, मि. हॉलोवेंनी बोट वर केलं. मी ट्रे एका हातावर घेतला, दुसऱ्या हातानं ॲप्रनचं टोक उचललं आणि कंबरेत खोचलं. सावकाश, आई खोचायची तसं. मग दारात आले.

मिस प्रॉबर्टला लगेच दिसलं. मला ती कोपऱ्यातून दिसत होती. तिची पेन्सिल थांबली, तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. कॅमेरा चालू असताना बोलायची कुणाची टाप नव्हती, तिचीही नव्हती.

मिस केननं तार वाचली. आणि ती रडली, बाई गं, अशी रडली की दिवेवाल्यानंही मान फिरवली. नवऱ्यासाठी रडली की थकून रडली देव जाणे. मी डोळे गरगरा फिरवले. ट्रे सोडला. बशा खळ्ळकन फुटल्या.

"कट," मि. हॉलोवे म्हणाले. "हेच. हेच ठेवायचं." आणि ते हसले, त्या दिवसात पहिल्यांदा.

सगळे सुटल्यासारखे बोलायला लागले. मी हळूच ॲप्रनकडे हात नेला.

"थांब. हात लावू नकोस," मिस प्रॉबर्ट म्हणाली. मग मि. हॉलोवेंकडे वळून, "साहेब, ॲप्रन जुळत नाही. आधीच्या शॉटमध्ये दोन्ही टोकं खाली आहेत. आता एक खोचलेलं आहे. मी तपासलं होतं, खाली होतं. हिनं नंतर खोचलं."

मि. हॉलोवे फुटलेल्या बशांवरून चालत माझ्यापर्यंत आले. आधी ॲप्रनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"का?" त्यांनी विचारलं.

खरं बोलले असते तर त्यांनी ती फिल्म तिथल्या तिथे जाळली असती, काळ्या बायका आपापसात काहीतरी बोलतायत हे कळल्यावर कुठला गोरा माणूस शांत बसेल? मग माझ्याच तोंडून तो बोस्टनवाल्यानं शिकवलेला आवाज निघाला, लाडावलेला, बावळट.

"अवो साहेब, मला काय ठावं. ह्ये टोक पायात येत व्हतं, पडंन म्हून भ्या वाटलं. म्या अडाणी बाई, मला काय समजतंय त्यातलं." आणि मी डोळे फिरवले.

सांगते, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम मी कॅमेरा बंद असताना केलं. आणि तसं करताना मला माझी एवढी किळस आली की काय सांगू.

"परत घ्यायचं?" मिस प्रॉबर्टनं विचारलं.

मिस केन खुर्चीतून उठली. "मी परत रडणार नाही," ती म्हणाली. "माझी गाडी आहे."

मि. हॉलोवेंनी घड्याळ बघितलं. पुन्हा ॲप्रन बघितला. मग मिस प्रॉबर्टच्या हातातली वही त्यांनी स्वतः मिटली.

"पुढे ऑड्रा केन रडतेय," ते म्हणाले. "आणि लोक मागच्या मोलकरणीचा ॲप्रन बघणार? कोण बघतं मोलकरणीच्या ॲप्रनकडे?"

सगळे हसले. मीही हसले, सगळ्यांबरोबर, सगळ्यात मोठ्यानं. मिस प्रॉबर्ट तेवढी हसली नाही. तिनं वही उघडून काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे एकदा बघून घेतलं.

ऑगस्टमध्ये सिनेमा दक्षिणेत लागला. मी आईला चार ओळी लिहिल्या. "या वेळी जा. मी आहे. काय घालून आहे ते बघून रागावशील, पण शेवटपर्यंत बघ." टोकाबद्दल चकार शब्द लिहिला नाही. पत्रं कुणाच्या हाती पडतात सांगता येत नाही, आणि तिला कळायचं असेल तर न सांगता कळेल.

उत्तर नाही. एक आठवडा, दोन, तीन. मी रोज पोस्टमनची वाट बघायचे आणि मिस ड्यूसी माझ्याकडे बघून जीभ चावायच्या, म्हणजे एरवी जेवढी चावायच्या त्याहून जास्त. सुचायचं ते सगळं वाईटच. कापलं असेल. किंवा नसेल कापलं, आणि आईनं ॲप्रन बघून तोंड फिरवलं असेल. झोप उडाली माझी.

आणि त्यात क्लोव्ही लोकांना आवडली. ट्रे पडला की म्हणे सगळीकडे हशा पिकत होता. स्टुडिओनं बोलावलं आणि कागद पुढे केला. आणखी तीन सिनेमे, तीनही क्लोव्ही. मी सही केली. कुणी बळजबरी केली नाही. मला वाटलं, आई गेलीच हातातून, आता शब्द कुणासाठी पाळायचा.

सही करून आठ दिवस झाल्यावर पत्र आलं.

"झेली," आईनं लिहिलं होतं, "मी गेले होते. दुपारच्या खेळाला. गुडघ्याला पट्टी बांधून गेले. फिलब्रिकबाईला हाताला धरून ओढत नेलं, म्हटलं तू बघच. तू दिसलीस. ॲप्रन दिसला. मी तोंड फिरवलं आणि उठायला लागले. फिलब्रिकबाईनं माझं मनगट धरलं. म्हणाली, टेम्पी, तिचं टोक बघ. मी बघितलं. मग माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, टोक बघा. मग सगळ्या गॅलरीभर तेच. आम्ही वर साठ एक बायका असू, सगळ्या कुणा ना कुणाच्या स्वयंपाकघरातल्या. खालचे गोरे तुझ्या बशांना हसत होते. वर कुणी हसलं नाही.

"सिनेमा संपला. खालचे लोक गेले. वरची एकही बाई उठली नाही. थेटरवाला जिना चढून आला. म्हणाला, संपलं की, आता कशाला बसलायत? फिलब्रिकबाई म्हणाली, पाय दुखतायत साहेब, जरा टेकलोय. त्यानं दिवे घालवले. आम्ही अंधारात बसून राहिलो. बऱ्याच वेळानं एकेक उठली, घरी रांधायचं होतं.

"लगेच लिहिलं नाही, कारण रडू आवरत नव्हतं. तू आहेस तिथं. मी आता रोज थांबलेली आहे. किती वेळ थांबायचं तेवढं कळव."

मी ते पत्र उभ्यानं वाचलं आणि जिन्यातच बसले. मिस ड्यूसींनी विचारलं, काय झालं, तर मी पत्र त्यांच्या हातात दिलं. आईला मी सांगून बसले होते, थांब, मी येतेय बाहेर. आणि तीन क्लोव्हींवर सही करून बसले होते. असं कुणी आपल्या आईला फसवतं का?

सोमवारी नव्या सिनेमाचा पहिला दिवस. पुन्हा उशा, पुन्हा रंग. ट्रामनं जाताना मी स्वतःची समजूत घालत होते. म्हटलं, तीनही सिनेमांत टोक खोचू. आई दर वेळी बघेल, थांबेल. तीन सिनेमे म्हणजे काय, बघता बघता संपतील. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते पटवू शकतो.

सेटवरच्या दारात उभी राहिले तर मिस प्रॉबर्ट समोर. तिच्या तोंडात दोन टाचण्या.

"मागच्या वेळी मला सगळ्यांसमोर खाली बघायला लागलं," टाचण्या काढत ती म्हणाली. "या वेळी आधीच बंदोबस्त." ती वाकली आणि तिनं ॲप्रनचं एक टोक माझ्या घागऱ्याला टाचलं. मग दुसरं. दोन्ही खाली. ओढून बघितलं, पक्की बसलीत ना. वाईट बाई नव्हती हो ती, आपलं काम करत होती.

"जागेवर," मि. हॉलोवेंनी आवाज दिला.

दिवे लागले. मी खाली बघितलं. दोन टोकं, दोन टाचण्या. हे पॅलेस थेटरात लागणार. गुडघ्याला पट्टी बांधून आई येणार, फिलब्रिकबाई येणार, त्या साठ जणी येणार. आणि मी पडद्यावरून त्यांना सांगणार, आज काही खरं नाही, घरी जा.

माझे हात पाठीमागे गेले. गाठ घट्ट होती, सुटायला वेळ लागला.

"काय चाललंय?" मि. हॉलोवे.

"निघालेय, साहेब." हे मी माझ्या आवाजात म्हटलं. त्यांनी तो कधी ऐकलाच नव्हता, त्यांना आधी कळलंच नाही कोण बोललं.

"कुठे निघालीस?"

"बाहेर."

"सही केलीयस तू." ते ओरडले नाहीत, हलक्या आवाजात बोलले, त्याचीच जास्त भीती वाटली. "या दारातून गेलीस तर या गावात कुठल्याही स्टुडिओचं दार तुला उघडणार नाही. गाण्यासाठीसुद्धा नाही. नीट विचार कर."

"केला," मी म्हटलं. खरं तर केला नव्हता, करायला बसले असते तर पाय उचलला नसता. घागऱ्यावरून टाचण्या उपसल्या, ॲप्रन घडी करून मेजावरच्या चहाच्या ट्रेवर ठेवला, टाचण्या वर ठेवल्या आणि ट्रे उचलून मिस प्रॉबर्टच्या हातात दिला. तिनं तो घेतला. ट्रे पुढे केला की कुणीही घेतंच. उशा अंगात तशाच होत्या. तशीच, लठ्ठ, तोंडाला रंग फासलेली, फाटकाबाहेर चालत आले.

मि. हॉलोवे खोटं बोलले नव्हते. त्यानंतर मला कुणीही घेतलं नाही. बाराव्या रस्त्यावरच्या लाँड्रीत लागले ती सतरा वर्षं तिथंच होते, लोकांचे कपडे धूत. फिलब्रिकबाईंचं म्हणणं शेवटी खरं झालं, आणि मी त्यांना तसं कळवलंसुद्धा, त्यांना बरं वाटावं म्हणून.

पण ते नंतर. त्या सोमवारी फाटकातून निघाले ती सरळ तारघरात गेले. खिडकीतला माणूस माझं तोंड बघून मागे सरकला. मी कागद ओढून घेतला आणि लिहिलं, आई, बाहेर आले. आता तुम्ही सगळ्या उठा.